कॅमेऱ्यातलं कार्ड

दाढेच्या ठणक्याने शिवणकामवाल्या बाईंचं तोंड उघडत नव्हतं, पण कान शाबूत होते. दातांच्या दवाखान्यात त्यांच्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजींचा गाल टम्म सुजलेला, आजोबांच्या गळ्यात कॅमेरा.

“परवा पुलावर तासभर उभं केलंत मला. कुठे आहेत ते फोटो?”

“नाहीत.”

“नाहीत म्हणजे?”

“कॅमेऱ्यातलं कार्ड घरीच राहिलं होतं गं.”

“अगंबाई! आणि हे कळलं कधी?”

“दुसऱ्या फोटोलाच.”

“तरी आपलं ‘मान इकडे कर, हनुवटी वर घे’ चालूच? उन्हात भाजून निघाले मी! कसला मेला छंद तो!”

“अगं, घरात दोन मिनिटं समोर टेकतेस का? मी तोंड उघडलं की तुझा कुकर तरी शिट्टी मारतो, नाहीतर बहिणीचा फोन येतो.”

“मग?”

“कॅमेरा डोळ्याला लावला की थांबतेस. वर हसतेससुद्धा. म्हणून तर घेतला हा.”

“इतकी वर्षं मला वाटलं, तुम्हाला पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड आहे.”

“पक्षी कुठे थांबतात?”

शिवणकामवाल्या बाईंना हसू आलं आणि दाढेतून कळ गेली. त्यांनी घाईने रुमाल तोंडाशी धरला.

आजींनी केस सारखे केले.

“आज आहे का ते कार्ड?”

आजोबांनी झाकण उघडून पाहिलं.

“आहे की.”

“काढून खिशात ठेवा.”

“का गं?”

“गाल बघा माझा, केवढा सुजलाय! ठेवलंत? हं, आता काढा फोटो.”