सिग्नलवरचा फोटो

दंडाच्या खिडकीशी माझ्यापुढचे गृहस्थ तावातावाने भांडत होते.

"अहो, मी ऑफिसात होतो. स्कूटर घरी होती. सिग्नल तोडेल कोण?"

"घरी कोण असतं?"

"आई आणि बायको. आईचे गुडघे गेलेत. शिवाय दोघींचा वर्षभर अबोला आहे. मीठ मागायचं तरी मध्ये मी लागतो!"

"हा फोटो बघा. हेल्मेट नाही, त्यामुळे चेहरे स्वच्छ आलेत. चालवतंय कोण?"

"...आई."

"आणि मागे?"

"बायको."

"हसताहेत मात्र झकास."

"हो ना."

"मग, तक्रार लिहून घेऊ?"

"नको, दंड भरतो. फक्त घरी कागद पाठवू नका. मला कळलंय हे त्यांना कळलं, तर दोघी मिळून माझ्याशी अबोला धरतील."