उदाला गिटारचं सामान

...आता तुमीच सांगा, माणसानं करावं तरी काय! ऊद हो, ऊद! जाळायचा न्हाई, वाजवायचा, अरबांचं तारांचं वाद्य. पोट टरबुजावानी, मान मागं मोडलेली. आमचा प्रीतम मस्कतला कामाला, सुट्टीत आला तवा घेऊन आला. "पप्पा, जयंतीच्या मिरवणुकीत गाण्यांना काय बेंजो वाजवायचे तुमी! मम्मी गेल्यापासून हात लावला न्हाई. हे तरी वाजवा, दर रविवारी मी व्हिडिओ फोनवर ऐकतो." अन् गेला की निघून! आता नांदेडात उदाचं सामान कुठून आणू? ज्या दुकानात जावं तिथं गिटार, गिटार अन् गिटार!

त्यात आमचा दुकानदार शंकरप्पा, देगलूरकडचा, जिभेवर साखर. "नख्खी पाहिजे? गिटारची न्या. चालतंय की, काका!" उदाची तार छेडायला लागते बोटाएवढी लांब, ही रुपयाएवढी! वाजवली की सुटून खाटेखाली! मग म्हणे ही चिमटी न्या, कॅपो, मानेवरच्या आडव्या पट्टीला, म्हंजे पडद्याला लावायची. अरं बाबा, उदाला पडदेच न्हाईत! "तरी चालतंय की!" आता ती बिस्किटाच्या पुड्याला हाय. पट्टा घेतला, तर अडकवायला बटणच न्हाई. त्यानं गॅलरीचं दार बांधलंय. स्टँडवर ठेवला तर गोल पाठीनं लोळतोय. तिथं टॉवेल वाळतो. सारं सामान संसाराला लागलं बघा... संसार कुठला म्हणा, मी एकटाच!

न्हाई, ट्यूनर तेवढा चालला. सूर जुळला की हिरवा दिवा. खरं सांगतो, दिवसभरात मला 'बरोबर' म्हणणारं घरात तेवढंच.

अन् मग तारा तुटल्या. म्हणलं, शंकरप्पा, नायलॉनच्या लागतात रं. "गिटारच्या लोखंडी लावा, दणकट. चालतंय की!" लावल्या. पिळतोय, पिळतोय... खाडकन्! तारा बांधलेली घोडी उपटून गालावर! अन् वार कोणता? शनिवार! आठवडाभर ज्या एका फोनची वाट बघायची, तो उद्या!

पळालो दुकानात. त्यानं सरस लावून घोडी दाबून ठेवली. "दोन दिवस हात लावायचा न्हाई."

"अन् उद्या पोरगं काय ऐकंल?"

"गिटार न्या तोवर. चालतंय की, काका!"

अरं, ज्यानं स्वतः ऊद आणला त्याला कळणार न्हाई का? पण म्हणलं, कळू दे! "पप्पा, हे काय?" असं विचारलं की खाडकन् पासून गालापर्यंत सारं रंगवून सांगायचं. हसंल पोरगं, अर्धा तास तरी बोलंल! रात्रभर पाठ केलं हो मी!

रविवारी फोन डब्याला टेकवला, गिटार मांडीवर. वाजवायला लागलो. प्रीतम मान खाली घालून कुणाशी तरी हिंदीत बोलून राहिला. मी मुद्दाम गिटार उचलली, पार फोनच्या तोंडाशी नेली! आता तरी बघ की रं...

"वा पप्पा! लई मस्त वाजून राहिला ऊद. ठेवू का? कामावर हाय."

ठेवला.

सोमवारी गिटार परत द्यायला गेलो. शंकरप्पा लगेच पुढं, "काय काका, ओळखलं का पोरानं?"

गिटार त्याच्या हातात दिली, म्हणलं, "चालतंय की!"