बांधावरून सरळ दिसणारी रांग

सावलीहून गडचिरोलीला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोन नर्स बसल्या होत्या. एक मुरलेली, सुरय्याबाई. दुसरी नवीनच लागलेली, रंजीता.

"बाई, त्या पेशंटचा, लटारूभाऊचा बीपी बरोबर होता, म्हणून मी 'ठीक' लिहिलं. डॉक्टरनं ठेवून घेतलं नसतं, त मी त्याले घरी धाडलं असतं. हार्ट इतकं कमजोर असन, वाटलंच नाई."

"तू धानाच्या रोवण्याले गेली हायेस ना?"

"दरसालच."

"रांगेतली एक बाई थकली, त काय करता?"

"बाजूच्या बाया तिच्या वाट्याचं धान लावून देतात."

"अन् बांधावर उभ्या मालकाले काय दिसते?"

"रांग त सरळच दिसते."

"तसाच त्याचा बीपी. हार्ट थकलं, म्हणून नाडी पळते. हातापायाचं रक्त डोक्याकडे वळते, म्हणून हात थंडे. किडनीले वाटते पाणीच कमी पडलं. ते मीठ-पाणी धरून ठेवते, म्हणून पाय सुजतात."

"अरे बापा! कोणी न सांगता?"

"कोणीच नाई. अन् तो म्हणे, वय झालं म्हणून थकतो."

"मंग हे सारे चांगलंच करून राह्यले ना?"

"सुरवातीले. मंग त्याच पाण्याचं ओझं हार्टवर पडते."

"अन् आपल्या गोळ्या?"

"धडधड हळू करतात, पाणी काढतात. शरीराले म्हणतात, बापा, लय केलं तुनं. आता थोडं आमाले करू दे."

"उद्या मी आधी त्याचा हात हातात घेईन, बाई. बीपीचं मशीन मंग."