सदाचा गुच्छ आन बॅलेतली आई

आरं, चहा ऱ्हाऊ द्या, आधी हे ऐका! काल पोराच्या हापिसातनं बॅलेचं दोन पास मिळालं. हितं आखातात मआमीरच्या कारखान्यात कामाला असल्याल्या सदा वेल्डरला म्हनलो, "यल्ला, चल!" गडी हिरॉइनीसाठी फुलांचा गुच्छ घिऊनच हजर.

पडदा उघडला. एक पोरगी, तिचा गरीब यार, आन त्येंचं लगीन मोडाया बसल्याली तिची आई. काय आई वो! लाकडी जोडं घालून अशी नाचली, अख्खं थेटर खिदळाया लागलं! मी लगीच वळखलं, ह्यो तर बाप्या! आपल्या तमाशात मावशी बाप्याच हुतो, तसंच. पन सदाचं डोळं भरल्यालं. म्हनलं, पाघळला गडी! मला आली खोडी.

"सद्या, बाई एकटीच हाय. फुलं तिलाच दे की."

"देऊ म्हनतोस?"

"आरं, तुझीच वाट बघतीया!"

खेळ खलास. समदी हिरॉइनीकडं पळाली, सदा थेट आईम्होरं. तिनं केसांचा टोप काढला, आत टक्कल! मी पोट धरून हसतोय, तर सदानं वाकून त्या बाप्याचं पाय धरलं आन गुच्छ दिला. त्यो गोरा गडी गुच्छ छातीला धरून रडायाच लागला.

भाईर आल्यावर मी म्हनलो, "कसा फशिवला?"

सदा म्हनला, "कुनाला? माझा बाप जलमभर तमाशात मावशी झाला. लोकं लई हसली, फूल कुनी दिलं न्हाई. आन तू मला मावशी वळखाया शिकिवतोस व्हय?"