नळीच्या टोकाचा थेंब

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर थोरला भाऊ बसला होता. धाकट्याला सकाळीच कृत्रिम फुप्फुसावर ठेवलं होतं. शेजारी एक मावशी ही फुप्फुसाची मशीनं सांभाळणाऱ्या ताईंना धारेवर धरत होत्या.

“ताई, माझ्या लेकीचं मशीन गळतंय. खालच्या नळीतून थेंब पडताना या डोळ्यांनी पाहिलेत. चाळीस मोजले!”

“रंग कसा होता, मावशी?”

“रंग कसला? स्वच्छ पाणी.”

“मग गळत नाही. आत केसांएवढ्या हजारो पोकळ नळ्या आहेत. बाहेरून रक्त, आतून हवा. रक्तातला वायू नळीच्या भिंतीतून हवेत जातो, त्याच्यासोबत थोडी वाफही जाते.”

“अन् वाफ गार झाली की पाणी?”

“अगदी! चष्म्यावर श्वास सोडला की काच धुरकटते ना, तसं.”

“म्हणजे ते माझ्या लेकीच्या श्वासाचं पाणी?”

“तसंच समजा. साठलं तर नळ्या अडतात, म्हणून अधूनमधून हवेचा झोत वाढवतो. आम्ही त्याला उसासा म्हणतो.”

“अगंबाई! आणि मी तिथं कापसाचा बोळा कोंबायला निघाले होते!”

“मावशी!”

“कोंबला नाही गं पोरी. पण ती उठली की सांगू नकोस हं, जन्मभर चिडवेल मला.”

थोरला उठून दाराशी गेला. सकाळपासून त्याने आत बघायचं टाळलं होतं. त्याच्या श्वासाने दाराची काच धुरकटली. ती बाहीने पुसून त्याने धाकट्याच्या मशीनखालची नळी शोधली.

एक. दोन.