जुळवलेला नंबर

आखाती युद्धाचे दिवस. रियाधमध्ये गॅस मास्कच्या रांगेत सुरुचीपुढे दोघे कोकणी उभे होते. थोरले हुसेनमियाँ आपल्या कफीलवर, म्हणजे कामगारांचे पासपोर्ट ताब्यात ठेवणाऱ्या अरब मालकावर, चांगलेच तापले होते.

"मुश्ताक, कफीलनं जुनी लष्करी स्नायपर रायफल आणली. म्हणाला, ओरिजिनल आहे का बघ."

"मग?"

"दुर्बिणीवरचा नंबर बंदुकीशी जुळेना. घासला आणि जुळणारा ठोकून दिला."

"चाचा, घासलात?"

"वर्कशॉपात न जुळणारं आपण जुळवूनच देतो ना! वर पॉलिशही मारलं, फुकट!"

"खूश झाला असेल."

"किंचाळला! म्हणे, ओरिजिनल असली की दुर्बिणीचा नंबर बंदुकीपेक्षा वेगळाच असतो. हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आणि तुमचा पासपोर्ट?"

"त्याच्याकडेच! इथं डोक्यावर मिसाइलं पडतायत, तिकडे घरी बायको आमिना रडतेय."

"देत नाही?"

"देतो म्हणतो. आधी बंदूक परत ओरिजिनल करून दे म्हणतो!"