सात पाट्यांचं वेल्ड

—बसा की तात्या, आन् तो पाट्याचा तुकडा असा मांडीवर धरू नका, ठिवा खाली. पोत्यात बांधून आणलात, केजच्या अख्ख्या बाजारातून? म्हाळू कसा हाय? पाय वाचंल म्हणले ना डॉक्टर? वाचंल. पोरगा तरणा हाय तुमचा, हाड धरंल. आता मला सांगा, मांजरसुंब्याच्या घाटात भरली उसाची गाडी पलटी झाली, त्यात ह्या दस्तगीरचं काय? ऊस किती भरलता, कुणी इचारलं? गाडीचं वजन पेलणारा कमानपाटा तुटला म्हणून सगळे माझ्याकडंच बोट दाखवायलेत—कावून? गॅरेज माझं म्हणून? म्हाळूच म्हणलता, भाई, पाटे सरकायलेत, जरा कडक करून दे. केलं कडक. सातही पाटे कडंनं वेल्ड मारून एक केले—दगड! इथनं खूश होऊन गेलता.

तोच तर घोळ हाय, तात्या. कडक म्हणजे मजबूत, असंच समजत आलो आमी. आमची खुशनुमा इंजिनिअरिंगला हाय, तिनं मांजरा नदीच्या काठचा शिंपला आणला, ह्याच टेबलावर हातोडी मारली. अब्बा, म्हणली, हा खडूच्याच जातीचा, पण खडू टिचकीत मोडतो, हा कावून न्हाई? कावून न्हाई? पातळ पातळ चकत्या, थरावर थर, आन् मधी किंचित मऊ, चिकट काहीतरी. तडा शिरला की त्याला सरळ रस्ताच घावत न्हाई—वळतो, भटकतो, दमतो. मोठमोठे इंजिनिअर म्हणे शिंपल्याकडं बघून नवं सामान बनवायलेत. मग माझ्या पाट्यांकडं बघितलं तिनं. हे बी थरच की, अब्बा, म्हणली. एक चिरला तर बाकीचे सुटे, ते वजन धरतात. तुमी वेल्ड मारून तड्याला सडक करून देता. मी हसलो. तीस साल झाले मला ह्या धंद्यात, म्हणलं, तू मला शिकिवतीस? दिवाळीच्या सुट्टीत आलती ती—

न्हाई, म्हाळूच्या गाडीच्या नंतर आलती... तात्या, असं बघू नका. हो. दिवाळीतच आलती ती, आन् म्हाळूची गाडी त्याच्या नंतर, दोन हप्त्यांनी. म्हायती होतं मला. पोरीसमोर हार कशी मानायची, म्हणून मारलं वेल्ड—मुद्दाम, चांगलं जाड मारलं. गाडी पलटल्यापासनं आठ दिस झोप न्हाई, बायकोला, फरीदाला बी सांगितलं न्हाई. मारा मला, तो तुकडाच घ्या आन् मारा.

एकच गाडी नव्हती, तात्या. त्याच दिवशी सुग्रीव मुकादमाची बी... तशीच केली. त्याला सांगितलं तर म्हाळूचं बी माझ्याच गळ्यात येईल, म्हणून गप बसलो. आज तेलगावहून ऊसतोडीची टोळी घेऊन निघणारंय तो, त्याच घाटातनं, बाया-लेकरं वर बसवून. किती वाजले? थांबा—रिंग जायली... उचल बे, सुग्रीव, उचल... उचलंना. उठा तात्या, दारातनं सरका, मोटारसायकल काढू द्या मला. पोलिसात नंतर जाऊ, तुमी म्हणाल तवा जाऊ—आता सरका म्हणतो ना!